सरासरी ११

सांगली,
कोजागिरी पौर्णिमा

चि. मुक्ता हिस,


रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. 'मनीबॉल' पाहिलास आणि झोप उडाली, हे समजलं. शेवटी लिहिलंयस, "मामा, आमच्या मुलींच्या क्रिकेट संघाचे सर म्हणजे त्या टेबलाभोवती बसलेल्या म्हाताऱ्या, खेळाडू हेरणाऱ्या स्काउटांपैकीच एक. आकड्यांचं नाव काढलं की पाणी प्यायला उठतात." यावर मोबाइलवर अंगठा दाखवून भागण्यासारखं नव्हतं. सिनेमा एकदा एकट्यानं पाहिला, एकदा मामीबरोबर, आणि आता कागद घेऊन बसलोय. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला भाचीनं 'आकडे जिंकले' असं कळवावं, याचा आनंद झालाच. पण वह्या तपासायची खोड अजून गेलेली नाही, तेव्हा तुझीही तपासतो.

आधी बरोबरच्या खुणा. सिनेमा सुरू होतो तोच दोन आकड्यांनी. २००१ सालची बेसबॉलची प्लेऑफ मालिका. न्यूयॉर्क यांकीजचा पगारखर्च ११ कोटी ४४ लाख डॉलर, समोर ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा ३ कोटी ९७ लाख. ओकलंड हरतो, आणि वर जेसन जियाम्बी, जॉनी डेमन, जेसन इसरिंगहाउझन हे तीन मोठे खेळाडू श्रीमंत संघ उचलून नेतात. आता दुसरा जियाम्बी आणायला पैसा नाही. इथं ओकलंडचा जनरल मॅनेजर बिली बीन याला एक गोष्ट उमगते, आणि सिनेमाचा सगळा जीव तिच्यात आहे. दुसरा जियाम्बी शोधायचाच नाही. जियाम्बी संघाला नेमकं काय देत होता, ते शोधायचं.

तुला क्रिकेट रक्तातून मिळालंय, म्हणून बेसबॉलचा हिशेब तुझ्या भाषेत सांगतो. तिथं एका संघाला सामन्यात साधारण २७ बाद मिळतात, नऊ डाव गुणिले तीन. बाद हेच चलन. ते खर्च न करता जो फलंदाज पहिल्या बेसवर पोचतो, तो संघाची पुंजी वाचवतो. मग तो फटका मारून पोचो, नाहीतर चार वाईट चेंडू शहाण्यासारखे सोडून चालत पोचो. पण बेसबॉलची जुनी सरासरी फक्त फटके मोजायची. चालत गेलेला फलंदाज तिच्या खिजगणतीतच नव्हता. आपल्याकडे ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्याला निदान 'वा' तरी मिळते, तिथं बाजारात त्याला किंमत नव्हती. म्हणून तो स्वस्तात मिळत होता. ओकलंडनं 'बेसवर पोचण्याचं प्रमाण' हा रकाना धरला आणि स्वस्त माणसं गोळा केली.

हा विचार बीनच्या डोक्यातून निघाला नव्हता. कॅन्सस राज्यात बिल जेम्स नावाचा गृहस्थ डुकराचं मांस आणि घेवडा डबाबंद करणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. तिथल्या निवांत रात्री तो बेसबॉलचे आकडे उलगडत बसायचा. १९७७ साली त्यानं आपलं पहिलं पुस्तक स्वतःच छापून विकलं. बेसबॉलच्या कारभाऱ्यांनी त्याच्याकडे पुढची कितीतरी वर्षं ढुंकूनही पाहिलं नाही. तुझा खेळाडूंच्या आकड्यांचा अहवाल सरांनी दोन आठवडे वाचला नाही म्हणून रुसलीयस, तेव्हा हा पहारेकरी आठव.

आता लाल शाई.

त्या टेबलाभोवतीच्या म्हाताऱ्यांना तू हसलीस. मीही हसलो. एका खेळाडूची मैत्रीण दिसायला बेताची, म्हणजे त्याला आत्मविश्वास नाही, असं अनुमान काढणाऱ्याला हसायचं नाही तर काय करायचं! पण बीन त्यांना का हसत नाही, ते पाहिलंस? त्याचं तोंड कडू होतं. १९८० साली अशाच जाणत्या डोळ्यांनी त्यालाच निवडलं होतं. उंच, देखणा, दणकट. न्यूयॉर्क मेट्सनं पहिल्या फेरीत उचलला. त्यापायी त्यानं स्टॅनफर्डची शिष्यवृत्ती सोडली. मोठ्या लीगमधली त्याची कारकिर्दीची सरासरी निघाली .२१९. म्हणजे स्काउटांचा डोळा चुकला त्याची किंमत त्यानं आपल्या उमेदीच्या वर्षांनी मोजली होती. आकड्यांकडे तो ही जखम घेऊन आला. तू एम.एस्सी. करून आलीयस. तेही उत्तमच, पण फरक लक्षात ठेव.

माझी जखम उलट्या बाजूची आहे. ती तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

कॉलेजच्या संघाची धावफलकाची वही तेव्हा माझ्याकडे असायची. निवडीच्या वेळी आमचे क्रीडाशिक्षक नेहमी अंदाजानं बोलत, आणि मी तरुण, संख्याशास्त्राचा नवा कोरा मास्तर. एका वर्षी मी प्रत्येकाची सरासरी काढून तक्ता केला आणि १५ वर आडवी रेघ मारली. रेघेखाली एक पोरगा होता, सातव्या क्रमांकावर खेळणारा. सरासरी ११. क्रीडाशिक्षक म्हणाले, "असू दे रे त्याला, कामाचा आहे." मी तक्त्यावर बोट ठेवलं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पोरगा गेला. पुढं त्यानं खेळणंच सोडलं.

वीसेक वर्षांनी तो मार्केट यार्डात भेटला. बियाण्याचं दुकान टाकलेलं. चहा पाजला, राग काही नव्हता. निघताना हसत म्हणाला, "सर, मी बॅटिंगला जायचो तेव्हा किती षटकं उरलेली असायची, ते तुमच्याच वहीत होतं की."

होतं. कितवी विकेट कितव्या षटकात पडली, हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. दोन-तीन षटकं उरली असताना जाऊन बॅट फिरवायची आणि बाद व्हायचं, हेच त्याचं काम होतं. त्याच्या अकरा धावा आणि सलामीवाल्याच्या अकरा धावा मी एकाच तराजूत घातल्या. मुक्ते, त्या दिवशी क्रीडाशिक्षकांचा डोळा बरोबर होता आणि माझा आकडाही चुकीचा नव्हता. फक्त मी विचारलेला प्रश्न चुकीचा होता. बेसबॉलवाल्यांनी चालत गेलेला फलंदाज मोजला नाही, मी उरलेली षटकं मोजली नाहीत. सिनेमा पाहून तू स्वतःला बीनच्या खुर्चीत बसवलंस. मी पाहिला तेव्हा मला माझी जागा त्या म्हाताऱ्यांच्या टेबलाशी दिसली, आणि माझ्या हातात तक्ता होता.

म्हणून सांगतो, सर एखाद्या मुलीबद्दल "कामाची आहे" एवढंच म्हणाले, की तो अडाणीपणा समजू नकोस. तुझ्या तक्त्यात एक रकाना कमी असल्याची ती खबर असू शकते. विचार त्यांना, कसल्या कामाची? कधी? कुठल्या चेंडूंवर? त्यांच्या उत्तरातून मोजण्याजोगं काही निघालं तर नवा रकाना आख. नाही निघालं तर मग खुशाल आपलं म्हणणं रेट.

दुसरं, ज्या सिनेमानं तुला पेटवलं, त्यालाही आपलीच फूटपट्टी लाव. २००२ साली ओकलंडनं १०३ सामने जिंकले. त्यातले ५७ विजय तीन पिचरांच्या, म्हणजे गोलंदाजांच्या, नावावर आहेत: बॅरी झिटो २३, मार्क मल्डर १९, टिम हडसन १५. झिटोला त्या वर्षी अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, आणि मिगेल तेहादा हा लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. ही मंडळी क्लबनं आधीच हेरून वाढवलेली होती. सिनेमात त्यांना जवळजवळ जागाच नाही, कारण त्यांनी गोष्ट बिघडली असती. प्रशिक्षक आर्ट हाउ यांनाही पडद्यावर हटवादी म्हातारा करून टाकलंय, आणि त्याबद्दल त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. सिनेमा चांगलाच आहे. पण गोष्ट जितकी सुबक, तितकं तिच्याबाहेर काय ठेवलंय ते आधी बघावं.

तिसरं, निकालाचं. सलग विसाव्या विजयाचा तो सामना मामीनंसुद्धा श्वास रोखून पाहिला. ११-० अशी आघाडी, मग ११-११, आणि अखेर स्कॉट हॅटेबर्गचा तो फटका. पण पुढं पाच सामन्यांच्या मालिकेत मिनेसोटानं ओकलंडला ३-२ असं घरी पाठवलंच. १६२ सामन्यांत जे खरं ठरतं, ते पाच सामन्यांत ठरेलच असं नाही. हे तुला परीक्षेत येत होतं. आता मैदानावर ते सोसायला शिक. तू निवडलेली मुलगी पहिल्या दोन सामन्यांत शून्यावर जाईल आणि सर तुझ्याकडे बघतील. तेव्हा घाबरून तक्ता बदलू नकोस. आणि तिनं पहिल्याच सामन्यात पन्नास ठोकल्या, तर त्या दिवशीही शांत बस. दोन्हींचा पुरावा सारखाच तोकडा.

हॅटेबर्गचं मात्र विसरू नकोस. हा मुळातला कॅचर, आपल्या यष्टिरक्षकासारखा. कोपराच्या दुखापतीनं त्याला नीट फेकता येईना, म्हणून जुन्या जागेवर तो निकामी. कागदावर त्याचं बेसवर पोचण्याचं प्रमाण उत्तम. पण कागदावरून तो पहिल्या बेसवर आपोआप उभा राहिला नाही. सिनेमात बीन त्याच्या घरी जाऊन सोफ्यावर बसतो, त्याची भीती ऐकतो, आणि पुढं एक प्रशिक्षक त्याच्याकडून नवी जागा घोटून घेतो. तो घोटून घेणारा माणूस तुमच्याकडे कोण आहे? तुमचे पाणी प्यायला उठणारे सरच ना! बीन जनरल मॅनेजर होता. सिनेमात हाउ ऐकेना, तेव्हा हॅटेबर्गच्या जागेवर खेळणाऱ्यालाच त्यानं दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. तुला नोकरी लागून चार महिने झालेत.

सिनेमाच्या शेवटाकडचा तो छोटा व्हिडिओ परत पाहा. जेरेमी ब्राउन, वजनदार कॅचर, दुसऱ्या बेसकडे जायला एरवी घाबरणारा. त्या दिवशी धीर करून धावतो, पहिल्या बेसपाशी कोसळतो, आणि जिवाच्या आकांतानं मागं सरपटतो. चेंडू केव्हाच कुंपणापार गेलाय, हे त्याला इतरांनी सांगावं लागतं. मला वाटतं, तुझं काम ते 'सांगणं' आहे. मुलींना, सरांना, आणि कधीमधी स्वतःला.

तेव्हा उद्या अहवाल पुन्हा छाप, पण या खेपेस एक रकाना रिकामा ठेव. वर काही लिहू नकोस. सरांपुढं ठेवून विचार, "सर, यात काय घालू?" पाणी पिऊन परत येईपर्यंत थांब. आणि ते जे सांगतील ते मला कळव. मेसेज चालेल.

मामी म्हणते, दिवाळीला चार दिवस आधी ये, चकलीचा सोऱ्या फिरवायला माणूस कमी आहे.

तुझा,
मामा