चक्की बंद, बिल चालू

पवनचक्कीच्या मालकाकडे महिन्याकाठी जे कागद येतात, त्यांत सगळ्यात दुर्लक्षित कागद डीएसएमच्या बिलाचा. डीएसएम म्हणजे डेव्हिएशन सेटलमेंट मेकॅनिझम. किती वीज देऊ म्हणून कळवलं होतं आणि प्रत्यक्षात किती दिली, यातल्या फरकाचा हिशेब. रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी नसते. खाली ‘तपशील सोबतच्या शीटमध्ये’ असं लिहिलेलं असतं, ती शीट कुणी उघडत नाही, आणि मालक ‘भरून टाका’ म्हणून मोकळा होतो. सांगली-कऱ्हाडकडच्या काही चक्कीमालकांचे हिशेब मी पाहते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: बिल भरा, मुदतीत भरा, पण ती शीट उघडल्याशिवाय भरू नका.

या मालकांपैकी बहुतेक जण हळद, बेदाणा, कापड नाहीतर फाउंड्रीवाले. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर त्यांनी चक्क्या घेतल्या त्या घसाऱ्याच्या भरघोस वजावटीसाठी. विजेशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. आणि ते असण्याची गरजही पडली नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २००३ सालच्या आदेशानं पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये, पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ, करार १३ वर्षांचा. महिन्याला जेएमआर व्हायचं, म्हणजे मीटरचं संयुक्त वाचन. आलेले युनिट गुणिले दर, की पैसे खात्यात. वारा आला तर कमाई, नाही आला तर नाही. ग्रीड नावाची वस्तू या हिशेबात कुठे दिसतच नव्हती.

ती दिसायला लागली २०२० च्या जानेवारीपासून. आयोगानं २०१८ साली पवन आणि सौर विजेसाठी अंदाज, शेड्यूल आणि फरकाचे नियम केले, त्यांची पैशांची बाजू तेव्हा सुरू झाली. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमध्ये पूलिंग सबस्टेशनवरून किती मेगावॅट येतील ते ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राला आधी कळवायचं. एकेका चक्कीवाल्यानं हे करणं शक्य नाही, म्हणून सबस्टेशनवरच्या सगळ्यांच्या वतीनं एक समन्वयक संस्था, क्यूसीए. अंदाज ती करते, शेड्यूल ती देते, भार प्रेषण केंद्राचं बिल तिच्या नावावर येतं आणि नंतर ती ते सगळ्या मालकांत वाटते. या वाटपाला डीपूलिंग म्हणतात. माझ्या अनुभवात निम्मे घोळ या शेवटच्या पायरीवर होतात, आणि नेमकी तीच पायरी कोणी तपासत नाही.

फरकाला पैसे लावायची कल्पना मात्र जुनी आहे आणि चांगली आहे. केंद्रीय आयोगाचा त्यासंबंधीचा आदेश जानेवारी २००० मधला, आणि देशात तो पहिल्यांदा लागू झाला तो आपल्याच पश्चिम विभागात, १ जुलै २००२ ला. वीज-अभियंते भानु भूषण यांनी या पद्धतीचा पाठपुरावा केला. त्याआधी ग्रीडमधून कुणी कितीही ओढावं, कुणी कधीही सोडावं, फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली-वर हेलकावे खात राहायची. ठरल्याहून वेगळं वागलात तर त्याच १५ मिनिटांचे पैसे मोजा, एवढ्या एका नियमानं ती पुष्कळ ताळ्यावर आली. त्यामुळे ‘हा सरकारचा नवा भुर्दंड’ अशी मालकांची तक्रार असते ती मला पटत नाही. तत्त्व बरोबरच आहे. भांडायचं ते आकड्यांवरून.

आता गोष्ट. हळदीच्या पेठेतले एक काका, त्यांची सव्वा मेगावॅटची एकुलती एक चक्की. २०२१ च्या मे अखेरीला तिचा गिअरबॉक्स गेला. पठारावर जून लागला की चिखल आणि धुकं. मोठी क्रेन चढवली तरी तेवढ्या वाऱ्यात उचल घेता येत नाही. म्हणजे जून ते सप्टेंबर, वर्षाची खरी कमाई ज्या महिन्यांत होते तो अख्खा हंगाम गेला. जूनचं जेएमआर आलं, काकांच्या नावापुढे शून्य. पाठोपाठ जूनचं डीएसएम बिल आलं, ते मात्र शून्य नव्हतं.

“अगं, चक्की फिरतच नाही, मग हा फरक कशातला काढला यांनी?” काकांचा प्रश्न रास्त होता. मी समन्वयक संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडचा मुलगा अदबीनं म्हणाला, “मॅडम, सिस्टिममधूनच आलंय.” जुलैचं बिल आलं तेव्हा त्यानं तेच सांगितलं. मग मी ब्लॉकवार शीट मागितली. आधी पीडीएफ आली, बेरजांची. मूळ एक्सेल हवं म्हणून पुन्हा मेल केला, तेव्हा ती फाइल हातात पडली.

जुलैची फाइल म्हणजे ३१ दिवसांचे २,९७६ ब्लॉक, तेवढ्या ओळी. एवढं बघून लोक घाबरतात. पण ओळी वाचायच्याच नसतात, रकाने वाचायचे असतात. ब्लॉक नंबर, शेड्यूल, ॲक्च्युअल, एव्हीसी, एररची टक्केवारी, रक्कम. ॲक्च्युअलचा रकाना दर ओळीला हलत होता, शेड्यूल हलत होतं. एव्हीसीच्या रकान्यात मात्र पहिल्या तारखेच्या मध्यरात्रीपासून शेवटच्या तारखेपर्यंत एकच आकडा, त्या सबस्टेशनवर बसवलेल्या सगळ्या चक्क्यांची मिळून पूर्ण क्षमता. जुलै महिन्यात, त्या पठारावर, एकही चक्की पंधरा मिनिटंसुद्धा बंद पडली नाही असं ती शीट सांगत होती. पठार ज्यानं पाहिलंय त्याला हे हसू यावं असं विधान आहे.

एव्हीसी म्हणजे त्या ब्लॉकमध्ये वीज देण्याच्या स्थितीत असलेल्या चक्क्यांची क्षमता. किती बसवल्या आहेत ते नव्हे, किती चालण्याजोग्या आहेत ते. सगळा हिशेब याच आकड्यावर उभा असतो, कारण एररची टक्केवारी काढताना फरकाला भागतात ते एव्हीसीनं. तेव्हाच्या दरांनी १५ टक्क्यांपर्यंतचा फरक माफ, १५ ते २५ टक्क्यांतल्या युनिटला ५० पैसे, २५ ते ३५ ला एक रुपया, त्यापुढे दीड रुपया. फरक कमी वीज दिल्याचा असो की जास्त दिल्याचा, आकार तोच. जास्त वीज देऊनही पैसे भरावे लागतात हे काकांना मी समजावलं, त्यांना ते पटलेलं नाही.

उदाहरणाला सोपे आकडे घेऊ. सबस्टेशनची क्षमता ५० मेगावॅट धरा. एका ब्लॉकला शेड्यूल ३० चं, प्रत्यक्ष आली २०. फरक १० मेगावॅट. ५० चे १५ टक्के म्हणजे साडेसात माफ, उरले अडीच. पाव तासाचे ते ६२५ युनिट, ५० पैशांनी ३१२ रुपये ५० पैसे. आता त्यातल्या १० मेगावॅटच्या चक्क्या खरं तर बंद आहेत असं समजा. खरी एव्हीसी ४०, माफी सहाच मेगावॅटची, उरले चार, म्हणजे १,००० युनिट आणि ५०० रुपये. बंद चक्की कागदावर चालू दाखवली की अख्ख्या सबस्टेशनचं बिल उतरतं. आणि वाटप एव्हीसीच्या प्रमाणात असेल, तर त्या ३१२.५० मधले ६२.५० बंद चक्कीवाल्यांच्या डोक्यावर येतात आणि फिरत्या चक्क्यांचे मालक ५०० च्या जागी २५० भरून सुटतात. शिवाय बंद चक्क्या धरून शेड्यूल दिलेलं असल्यामुळे फरकच मुळात वाढलेला असतो, तो भाग वेगळा.

हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पूर्ण क्षमतेचा आकडा एकदा भरला आणि तोच महिनोन् महिने पुढे सरकत राहिला, एवढंच झालं असावं. पण ज्या चुकीनं बाकी सगळ्यांचा फायदा होतो, ती चूक कोणी आपणहून दाखवायला येत नाही. जिचं नुकसान होतं ती पार्टी तेव्हा क्रेनच्या मागे धावत असते.

आम्ही देखभाल कंपनीकडून बिघाडाची नोंदवही मागवली. त्यात तारीख, वेळ, फॉल्ट कोड सगळं होतं. ती जोडून हरकत पाठवली. संस्थेनं बरीच खळखळ करून क्रेडिट दिलं, पण चक्की बंद असल्याचा लेखी मेल ज्या तारखेला त्यांच्याकडे पोचला तिथपासूनच. त्याआधीचे दिवस बुडाले, कारण साइटवरच्या माणसानं बिघाड झाल्याचं फोनवर कळवलं होतं आणि फोनला पुरावा नसतो. म्हणून माझ्या सगळ्या मालकांना मी एक सवय लावली आहे: चक्की थांबली की त्याच दिवशी समन्वयक संस्था आणि देखभाल कंपनी, दोघांना एकच मेल. चक्कीचा नंबर, थांबल्याची वेळ, अंदाजे किती दिवस. पुन्हा सुरू झाली की दुसरा मेल. लाइन ट्रिप होऊन वीज बाहेर जाऊ शकली नाही, तर तेही कळवायचं आणि ते ब्लॉक शीटमध्ये कसे धरले ते विचारायचं.

शीट तपासायला फार गणित लागत नाही. ॲक्च्युअलचा रकाना मेगावॅटमध्ये असेल तर सगळ्या महिन्याची बेरीज करून चारनं भागा. येणारे मेगावॅट-तास जेएमआरच्या मुख्य मीटरच्या आकड्याशी जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर बाकीचं बघायच्या आत तेच विचारा. मग एव्हीसीचा रकाना. तो महिनाभर सपाट असेल तर थांबा. मग शेड्यूलची रिव्हिजन. पवनचक्कीला दर दीड तासाला एक, अशी दिवसाला १६ वेळा शेड्यूल बदलायची मुभा त्या नियमांत होती. सकाळी वारा पडला तरी दुपारपर्यंत जुनंच शेड्यूल चालू ठेवलेलं दिसलं, तर ती तुमच्या चक्कीची चूक नाही, ज्याला तुम्ही फी देता त्याच्या कामाचा दर्जा आहे. फी ठरवताना हे काढायचं. मात्र हे दर आणि पट्टे कायमचे नसतात, आयोग ते बदलतो. ज्या महिन्याचं बिल त्या महिन्याला लागू असलेला आदेश समोर ठेवूनच गुणाकार करावा.

वाटपाच्या दोन पद्धती नियमांत आहेत: प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रत्यक्ष दिलेल्या युनिटच्या प्रमाणात, किंवा उपलब्ध क्षमतेच्या प्रमाणात. युनिटवर वाटप असेल तर बंद चक्कीचा वाटा आपोआप शून्य होतो. पण कड्याच्या तोंडाशी असलेली, जोरात फिरणारी चक्की इतरांच्या चुकीच्या अंदाजाचे पैसे भरत बसते. क्षमतेवर असेल तर उलट. एक जुनी चक्की असणाऱ्यानं मला विचारलं तर मी युनिटची पद्धत सांगीन. नवी, मोक्याच्या जागेवरची चक्की असेल तर क्षमतेची, पण एव्हीसी चक्कीनिहाय मिळणार असेल तरच. आपल्या करारात कुठली पद्धत आहे हे बऱ्याच मालकांना ठाऊकच नसतं.

पैसे अडवून धरू नका. भार प्रेषण केंद्र तुम्हाला ओळखत नाही, ते समन्वयक संस्थेला ओळखतं आणि तिला मुदतीतच भरावं लागतं. तुमचं भांडण संस्थेशी, तुमच्या करारातलं. ‘हरकत राखून भरणा’ असं मेलमध्ये लिहून रक्कम पाठवायची आणि हरकतीचा मुद्दा ब्लॉक नंबरांसकट सोबत जोडायचा. ‘बिल जास्त वाटतंय’ असल्या पत्राला उत्तर येत नाही.

वीजविक्रीचा १३ वर्षांचा करार संपल्यावर काही जण चक्कीची वीज ओपन ॲक्सेसनं, म्हणजे ग्रीडच्या तारा आकार भरून वापरून, स्वतःच्या कारखान्यात नेतात. त्यांच्यासाठी आणखी एक. राज्यात पारेषण आकार दीर्घ आणि मध्यम मुदतीच्या वापरकर्त्याला किलोवॅटवर लागतो, अल्प मुदतीच्याला युनिटवर. पवनचक्की वर्षभराच्या सरासरीनं क्षमतेच्या २० टक्के चालली, तर एका मेगावॅटचे महिन्याला सुमारे १,४६,००० युनिट होतात. किलोवॅटवरचा आकार मात्र पूर्ण १,००० किलोवॅटचा. वारा नसलेल्या डिसेंबरातही तेवढाच. सल्लागार दाखवतो त्या तक्त्यात हा आकार ‘युनिटला अमुक पैसे’ असा आला, तर किती युनिट धरून भागाकार केलाय ते विचारा. विक्रीच्या तक्त्यांत वारा नेहमी चांगला असतो.

काकांचा समन्वयक संस्थेशी करार नूतनीकरणाला आला तेव्हा आम्ही तीन अटी घातल्या. मूळ एक्सेल बिलासोबतच, न मागता. एव्हीसी चक्कीनिहाय, देखभाल कंपनीच्या रोजच्या नोंदीवरून. आणि चूक संस्थेची निघाली तर दुरुस्ती पहिल्या ब्लॉकपासून, मेलच्या तारखेपासून नव्हे. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरी अजून त्यांच्या वरिष्ठांच्या टेबलावर आहे.