जर्मेनियमचा जमाखर्च : खडकात, समुद्रात आणि गाळात

आवर्त सारणी शिकताना तुम्ही ‘एका-सिलिकॉन’ हे नाव वाचलं असेल. मेंडेलीव्हने १८७१ साली सिलिकॉनच्या खालची जागा रिकामी ठेवून तिथे सुमारे ७२ अणुवस्तुमानाचं मूलद्रव्य येईल असं भाकीत केलं. पुढे जर्मनीत फ्रायबर्गजवळच्या खाणीत आर्जिरोडाइट हे नवं खनिज सापडलं. क्लेमेन्स विंकलर यांनी त्याचं पृथक्करण केलं, तर चांदी, गंधक सगळं धरूनही बेरीज ९३ टक्क्यांच्या पुढे जाईना. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून त्यांनी विषय सोडला नाही. १८८६ साली त्या हरवलेल्या ७ टक्क्यांत जर्मेनियम सापडलं. परीक्षेला एवढं पुरतं, पण खरी गंमत पुढेच आहे.

निसर्गात जर्मेनियमची पाच समस्थानिके आहेत : ७०, ७२, ७३, ७४ आणि ७६. रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखे, वजन मात्र वेगळं. जड अणू मजबूत बंधात राहणं पसंत करतात, हलके अणू सैल बंधातही चालवून घेतात. म्हणून ७४ आणि ७० यांचं गुणोत्तर जागोजागी किंचित बदलतं. हा फरक एका ठरलेल्या प्रमाण नमुन्याशी ताडून दर हजारी सांगतात.

आता खडक घ्या. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. अशा खडकांत टनाला साधारण दीड ग्रॅम जर्मेनियम असतं, तेही सिलिकॉनच्या जागेवर गुपचूप बसलेलं. तप्त शिलारसात जड-हलक्याची निवड फारशी होत नाही, त्यामुळे जगभरच्या अग्निजन्य खडकांत हा आकडा दर हजारी +०.६ च्या आसपासच मिळतो. जस्ताच्या सल्फाइड खनिजात मात्र जर्मेनियम गंधकाशी जोडलेलं असतं. हा बंध ऑक्सिजनच्या बंधापेक्षा सैल, म्हणून तिथे आकडा शून्याच्याही बराच खाली जातो.

समुद्राचं पाणी बरोबर उलटं : सुमारे +३! हे पाणी जड का? खडक झिजताना हलके अणू माती आणि लोहाच्या ऑक्साइडला चिकटून मागे राहतात, नदीबरोबर तुलनेने जड अणू पुढे जातात. प्रयोगशाळेतही लोहाचे हायड्रॉक्साइड हलके अणूच आधी पकडतात असं दिसलं आहे.

आणि इथे पुन्हा विंकलरसारखीच अडचण येते. डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ सिलिकाचं कवच बांधतं. ते बांधताना सिलिकॉनच्या दर दहा लाख अणूंमागे जर्मेनियमचा जेमतेम एखादा अणू आत घेतं. डायटम मेल्यावर कवच तळाशी जातं. पण समुद्रात येणारं सगळं जर्मेनियम या कवचांच्या खात्यावर टाकलं तर हिशेब जुळत नाही, बराच मोठा वाटा उरतो. तो तळाच्या ऑक्सिजन कमी असलेल्या, लोहयुक्त गाळात अडकतो.

याचं महत्त्व काय? शेवटच्या हिमयुगातल्या डायटम कवचांत सिलिकॉनच्या मानाने जर्मेनियम आजच्यापेक्षा कमी आहे. म्हणजे नद्यांनी आणलेल्या मालात बदल झाला, की गाळाने जास्त जर्मेनियम गिळलं? नुसतं प्रमाण बघून दोन्ही उत्तरं बसतात. (अज्ञात दोन आणि समीकरण एक, हे तुम्हाला गणितातून माहीत आहेच.) समस्थानिकांचं गुणोत्तर हे दुसरं समीकरण.

मोजणं मात्र सोपं नाही. खोल समुद्राच्या लिटरभर पाण्यात जर्मेनियम असतं काही अब्जांश ग्रॅम. शिवाय जस्ताचाही एक समस्थानिक ७० वजनाचा आणि सेलेनियमचा ७४ चा! वजन सारखंच, त्यामुळे वस्तुमान वर्णपटमापकही फसतो. म्हणून नमुना यंत्रात घालण्याआधी जस्त आणि सेलेनियम धुऊन काढण्यातच निम्मं काम जातं.