अठरा पूर्ण! आता सही कोणाची?

मित्रमैत्रिणींनो, अठरा वर्षं पूर्ण झाली की आपण काय काय करतो? मतदार यादीत नाव नोंदवतो, गाडीचं लायसन्स काढतो, कॉलेजच्या फॉर्मवर ऐटीत स्वतःची सही ठोकतो. आपण ‘सज्ञान’ झालो, आई-बाबांच्या सहीची कटकट संपली! पण हाच वाढदिवस काही घरांत काळजी घेऊन येतो. मुलुंडचं आमचं घर त्यातलंच एक.

माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. तो अठरा वर्षांचा झाला आणि एका बँकेत आईला सांगण्यात आलं, “मुलगा सज्ञान झालाय, आता तुमची सही चालणार नाही.” भाऊ स्वतःचं नाव छान लिहितो. पण मुदत ठेवीच्या कागदावर काय लिहिलंय ते समजून सही करणं त्याला जमत नाही. आई घरी येऊन म्हणाली, “कालपर्यंत चालत होती ना सही? आज मी त्याची आई नाही का?”

आई आहेच. पण कायद्याचं गणित वेगळं आहे. १८७५ च्या कायद्याने आपल्याकडे १८ व्या वर्षी माणूस सज्ञान होतो. १८९० चा पालक व पाल्य कायदा फक्त अल्पवयीन मुलांपुरता. म्हणजे अपंगत्व कितीही असलं तरी १८ पूर्ण होताच आई-वडिलांचं कायदेशीर पालकत्व आपोआप संपतं. ही गोष्ट अनेक कुटुंबांना बँकेच्या काउंटरवरच कळते!

यावर उपाय आहे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा, म्हणजेच नॅशनल ट्रस्ट अ‍ॅक्ट. तो चार गटांसाठी आहे: स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. या कायद्याखाली ‘स्थानिक स्तर समिती’ असते. तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असे तिघे असतात. आई-वडील किंवा नातेवाईक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेऊ शकतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हे सगळं मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं आणि त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. आम्हा मुलुंडकरांना त्यासाठी दादरला गाडी बदलावी लागते, एवढंच.

पण थांबा, पालक झालं म्हणजे मालक झालं असं नाही. या व्यक्तीला पालकाची खरंच गरज आहे का आणि नेमकी कशासाठी, हे समितीने आधी पाहायचं असतं. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा. छळ, हेळसांड किंवा पैशांची अफरातफर झाली तर पालकाला काढताही येतं.

फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधले सपोर्ट आठवतात? फिक्स्ड सपोर्ट बीमला जराही हलू देत नाही. रोलर सपोर्ट भार तर पेलतो, पण बीमला सरकायला जागा ठेवतो. म्हणून तर उन्हात पूल प्रसरण पावला तरी तडकत नाही. माणसाला आधार देतानाही हेच लागू पडतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. मुदत ठेवीच्या कागदाला माझ्या भावाला मदत हवी. पण शर्ट कोणता घालायचा, कोणाशी मैत्री करायची, हे त्याचं तोच ठरवतो, आणि ठासून ठरवतो!

आता सगळ्यात अवघड प्रश्न. अशा प्रत्येक घरात तो असतोच: आमच्यानंतर काय? मुंबईत पालकांनी या प्रश्नाला नुसते उसासे टाकून उत्तर दिलेलं नाही. १९४४ मध्ये वकील कुटुंबाने आपल्या मुलीसाठी सुरू केलेल्या शाळेतून आजची जय वकील संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये डॉ. मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती. पण संस्था कितीही असल्या तरी घरातल्या कागदांचं उत्तर घरातच शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते भावंडाकडे येतं. आमच्याकडे ते माझ्याकडे आलंय. आई-बाबांनी मला विचारलं, मी ‘हो’ म्हटलं. पण ‘हो’ म्हणण्याआधी हा कायदा वाचला, हे मुद्दाम सांगते.

तुम्ही काय करू शकता? भरपूर! तुमच्या सोसायटीत असं कुटुंब असेल तर यूडीआयडी कार्डचा ऑनलाइन अर्ज भरून द्या. आपल्याला दहा मिनिटांचं वाटणारं काम एखाद्या काकूंचे चार दिवस खातं. १ लाखापर्यंतच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याची माहिती द्या. मुलगा सतरा वर्षांचा असतानाच पालकत्वाच्या अर्जाची आठवण करा, म्हणजे वाढदिवसानंतर धावपळ होणार नाही. आणि सर्वांत सोपं म्हणजे, माझ्या भावासमोर उभे असाल तर “याला काय आवडतं?” असं मला विचारू नका. त्याला विचारा. उत्तर यायला थोडा वेळ लागेल, तेवढा थांबा. त्याचीही अठरा वर्षं पूर्ण झाली आहेत!