जुन्या संगणकाचा माऊस : एक अभ्यास

संगणकाचा माऊस हा विज्ञान शाखेचा प्रांत, कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात का शिरावे, असा प्रश्न काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर आपल्या भाषा-विभागांच्या कपाटांत आहे. १९९० नंतरच्या दशकात अनेक ठिकाणी मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटांत टंकित झाला. आजच्या संगणकावर तो उघडला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते; मूळ फाँट ज्या यंत्रात आहे तेथेच तो वाचता येतो. आमच्या विभागातील एका ४८६ यंत्रात जात्यावरच्या ओव्यांचा असा एक संग्रह आहे. त्या सांगणाऱ्या बायांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. यंत्र सुरू होते, विंडोज ३.१ उघडते, पण पडद्यावर बाणच येत नाही. कळफलकावरून बरीच कामे उरकतात हे खरे; परंतु शेकडो ओव्यांतील अडलेले एकेक अक्षर अक्षर-तक्त्यात शोधायचे तर माऊससारखे साधन नाही.

माऊसचा जन्म अमेरिकेतला. डग्लस एंगेलबार्ट यांची कल्पना आणि बिल इंग्लिश यांचे हात, यांतून १९६४ च्या सुमारास तो साकारला. लाकडी खोक्याखाली काटकोनात बसवलेली दोन चाके, एवढाच तो पसारा. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढे चाकांच्या जागी गोळा आला, तरी काटकोनातील दोन दिशांचे तत्त्व कायम राहिले.

रबराचे आवरण असलेला हा गोळा टेबलावर फिरताना आत दोन रूळ फिरवतो. एक आडव्या गतीचा, दुसरा उभ्या गतीचा. रुळाच्या टोकाला खाचांची चकती असते. तिच्या एका बाजूस अवरक्त प्रकाशाचा लहानसा दिवा, दुसऱ्या बाजूस प्रकाश ओळखणारे दोन संवेदक. खाचांतून प्रकाश येतो-जातो, त्यावरून अंतर मोजले जाते. संवेदक किंचित मागेपुढे बसवलेले असल्यामुळे कोणाचा संकेत आधी आला यावरून दिशाही कळते. बाण आडवा सरकतो पण उभा सरकत नाही, असे झाले तर दोष बहुधा एका रुळापाशी आहे. तेथे अनेकदा मळाचे घट्ट कडे जमलेले असते. खालची गोल झाकणी फिरवून गोळा काढावा, साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. रुळावरचा मळ दात कोरण्याच्या काडीने खरवडून स्पिरिटच्या कापसाने पुसावा. तेल मात्र चुकूनही घालू नये, गोळा घसरू लागतो.

दोन्ही दिशा एकदम बंद असतील तर मळाला दोष देण्यात अर्थ नाही. मग पाहायचे ते माऊस आणि संगणक यांच्यातील संभाषण. मला स्वतःला हाच भाग सर्वांत रंजक वाटला. नऊ पिनांच्या सीरियल पोर्टला जोडलेल्या मायक्रोसॉफ्ट पद्धतीच्या माऊसला वेगळा वीजपुरवठा नसतो. तो संकेताच्या तारांतूनच आपल्यापुरती वीज घेतो. वीज मिळताच तो रोमन 'एम' हे अक्षर पाठवतो, म्हणजे जणू स्वतःची ओळख करून देतो. नंतर प्रत्येक हालचालीला तीन बाइटांचा निरोप जातो. वेग सेकंदाला १२०० बिट. प्रत्येक बाइटला आरंभ-समाप्तीच्या खुणा धरून ९ बिट, म्हणजे निरोपाला २७. सेकंदाला चव्वेचाळीसच्या वर निरोप जाऊ शकत नाहीत.

यावरून एक सुंदर परीक्षा करता येते. विंडोजमधील 'टर्मिनल' हा कार्यक्रम कळफलकावरून उघडावा. ज्या पोर्टला माऊस जोडला आहे तो निवडून वेग १२००, सात बिट, पॅरिटी नाही असे ठरवावे. माऊस न हलवता उजवे बटण दाबले की पडद्यावर रोमन 'पी' उमटतो, सोडले की ई-मेलच्या पत्त्यातले 'ॲट'चे चिन्ह. हे दिसले तर माऊस, तार आणि पोर्ट तिन्ही निर्दोष समजावेत. भलतीच चिन्हे आली तर माऊसच्या पोटाखाली 'एमएस' व 'पीसी' असा खटका आहे का ते पाहावे. 'पीसी' बाजूस तो पाच बाइटांची निराळी भाषा बोलतो.

काहीच उमटले नाही तर जोडणीकडे वळावे. गोल सहा पिनांचा माऊस नऊ पिनांत बसवणारे जोड बाजारात मिळतात. त्यांच्यात फक्त तारा असतात, दुभाष्या नसतो. दोन्ही भाषा मुळातच येणारा माऊस असेल तरच ते उपयोगी. एरवी जोड घट्ट बसतो आणि माऊस मुका राहतो. दुसरा माऊस लावताना यंत्र बंद करावे.

राहिला संगणकाचा ऐकणारा कान. डॉसमध्ये माऊसचा चालक-कार्यक्रम वेगळा चढवावा लागतो, विंडोज ३.१ ला स्वतःचा असतो, पण तो 'सेटअप'मध्ये निवडलेला हवा. डॉसमधून विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन 'सेटअप' चालवले की यादी दिसते आणि बाणांच्या कळांनी निवड बदलता येते. आमच्या यंत्रात 'पी' व्यवस्थित उमटत होता. यादीत मात्र 'माऊस नाही' असा पर्याय निवडलेला होता! तेथे मायक्रोसॉफ्टचा माऊस निवडला आणि बाण हलला. त्यानंतरचे पहिले काम म्हणजे मजकुराच्या फाईली फ्लॉपीवर उतरवणे, आणि त्यांच्यासोबत तो फाँटही. फाँट मागे राहिला तर अक्षरे कशी जुळवायची याची किल्लीच त्या जुन्या यंत्रात अडकून पडते.