नवा सिंथेसायझर आणि ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर : निवडीची काही सूत्रे

नवा सिंथेसायझर घरात आला की थोड्याच दिवसांत पुढचा प्रश्न उभा राहतो. वाजविलेले संगणकात मुद्रित करावयाचे आहे, तर सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? आमचे माजी विद्यार्थी आणि पालक हा प्रश्न वारंवार विचारतात. त्यांना बहुधा एखाद्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचे नाव उत्तरादाखल मिळते. परंतु ज्या कुटुंबाने काटकसर करून वाद्य घेतले, त्याला नावाहून निकष अधिक उपयोगाचे असतात. प्रस्तुत लेखात असे निकष मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

दोन प्रकारच्या नोंदी

सिंथेसायझरवर वाजविलेले संगीत संगणकात दोन प्रकारे साठविता येते. पहिली नोंद प्रत्यक्ष ध्वनीची. दुसरी नोंद वादनाच्या कृतीची, म्हणजे कोणती पट्टी, किती जोराने, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली यांची. या दुसऱ्या नोंदीच्या भाषेला ‘मिडी’ म्हणतात.

मिडीचा इतिहास बोधप्रद आहे. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीची वाद्ये आपापल्या पद्धतीने चालत. एका कंपनीच्या वाद्याला दुसऱ्या कंपनीच्या वाद्याची भाषा कळत नसे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी समान भाषेसाठी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. एकावर बोट ठेवले की दुसरे वाजू लागले. पुढे २०१३ मध्ये या दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

या दोन नोंदींतील फरक आकड्यांनी स्पष्ट होतो. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ ध्वनी मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेतो. याउलट मिडीत एक स्वर सुरू होण्याचा संदेश ३ बाइटचा आणि थांबण्याचाही तेवढाच असतो. हजार स्वरांचे हे संदेश अवघ्या ६,००० बाइटमध्ये मावतात. जागेपेक्षाही महत्त्वाचा लाभ दुरुस्तीचा आहे. समजा, साथ पांढरी एकमध्ये मुद्रित केली आणि गायिकेला काळी दोन सोयीची पडली. मिडी नोंदीतील प्रत्येक स्वराचा क्रमांक ३ ने वाढविला की काम झाले. लय बदलत नाही. मात्र तालवाद्यांचा ट्रॅक या बदलातून वगळावा, कारण तेथे प्रत्येक क्रमांक स्वराचा नसून वेगळ्या वाद्याचा असतो.

गायकाचा आवाज, ढोलकी किंवा बासरी यांची नोंद मात्र ध्वनिरूपानेच करावी लागते. म्हणून पहिला निकष असा : सॉफ्टवेअरने दोन्ही नोंदी एकत्र सांभाळल्या पाहिजेत.

जोडणी आणि विलंब

सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी वाद्याची पुस्तिका वाचावी. अनेक सिंथेसायझरच्या यूएसबी तारेतून केवळ मिडी जाते, ध्वनी जात नाही. नवशिक्याला याची कल्पना नसते आणि सॉफ्टवेअर बिघडले आहे असे त्याला वाटते. अशा वाद्याचा ध्वनी मुद्रित करण्यासाठी त्याच्या लाइन आउटपासून ऑडिओ इंटरफेसपर्यंत तार जोडावी लागते.

दुसरी अडचण विलंबाची. संगणक ध्वनीचे नमुने गठ्ठ्यांनी हाताळतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना गठ्ठा १,०२४ नमुन्यांचा असेल, तर केवळ त्यापायी सुमारे २३ मिलिसेकंद जातात. १२८ नमुन्यांचा असेल, तर ३ हूनही कमी. वाजविताना गठ्ठा लहान ठेवावा, नंतरच्या मिश्रणाच्या वेळी मोठा करावा. विंडोज संगणकावर ‘असिओ’ प्रकारचा ड्रायव्हर वापरल्यास हा विलंब पुष्कळ घटतो. प्रत्येक स्वर दोनदा ऐकू येत असेल, तर वाद्यातील ‘लोकल कंट्रोल’ बंद करून पाहावा.

उपलब्ध पर्याय

प्रथम वाद्याच्या खोक्यातील कागद पाहावेत. यामाहाच्या अनेक साधनांबरोबर ‘क्यूबेस एआय’, तर इतर अनेक कीबोर्डांबरोबर ‘एबलटन लाइव्ह लाइट’ मिळते. या आवृत्त्यांत ट्रॅकची संख्या मर्यादित असते, तरी शिकणाऱ्याला त्या बराच काळ पुरतात. ॲपलचा संगणक असेल, तर ‘गॅरेजबँड’ विनामूल्य आहे.

‘ऑडॅसिटी’ विनामूल्य असून आवाज मुद्रित करण्यास व काटछाट करण्यास उत्तम आहे. मात्र कीबोर्डवरून येणारी मिडी ते मुद्रित करीत नाही. याउलट ‘एलएमएमएस’ मिडीसाठी चांगले. पण गायकाचा आवाज मुद्रित करण्यासाठी ते घडविलेले नाही.

दोन्ही कामे करणारे ‘रीपर’ विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. ६० दिवस ते पूर्ण स्वरूपात पारखता येते; त्यानंतर व्यक्तिगत वापरासाठी व शिक्षणसंस्थांसाठी सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘आर्डर’ हा मुक्त स्रोताचा समर्थ पर्याय आहे. जुन्या संगणकावर काम करणाऱ्या कुटुंबाला आम्ही प्रथम वाद्यासोबतची आवृत्ती आणि ती नसेल तर रीपर सुचवू.

चोरीच्या प्रती घेण्याचा मोह मात्र टाळावा. त्यांतून संगणकात विषाणू शिरण्याचा धोका असतो. शिवाय विनामूल्य आणि अल्पमोली मार्ग उपलब्ध असताना त्यांची गरजही उरत नाही.

आपले संगीत आणि यंत्राची चौकट

बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच चार मात्रांची चौकट दाखविते. केरव्याला ती चालते. दादऱ्यासाठी सहा आणि रूपकासाठी सात मात्रांची मांडणी आरंभीच करून घ्यावी. स्वर आपोआप मात्रेवर नेऊन बसविणारी ‘क्वांटाइझ’ ही सोय जपून वापरावी. लोकगीतातील लयीचा झोल त्या सोयीने पुसला जातो, आणि त्या झोलातच गाण्याचा जीव असतो. मींड घेण्यासाठी वाद्याचे पिच बेंड चाक वापरावे. त्याची हालचालही मिडीत नोंदली जाते.

शेवटचा निकष

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या शेवटच्या निकषाला आम्ही सर्वाधिक महत्त्व देतो. प्रत्येक सॉफ्टवेअर आपले काम स्वतःच्या खास स्वरूपात जतन करते. ते सॉफ्टवेअर बंद पडले किंवा परवाना संपला, तर ती फाइल कुलूप लावलेल्या पेटीसारखी होते. आजीची ओवी, वडिलांचे भजन, मित्राची शाहिरी यांचे मुद्रण पुन्हा करता येईलच असे नाही. माणूस गेला की आवाजही जातो. म्हणून गीत पूर्ण होताच प्रत्येक ट्रॅक वेगळा ‘वेव्ह’ स्वरूपात आणि वादन ‘मिडी’ स्वरूपात काढून ठेवावे. एक प्रत संगणकात आणि दुसरी बाहेरील डिस्कवर असावी. सोबत गायक, वादक, रचनाकार, गाव आणि दिनांक यांची नोंद लिहावी. ज्या सॉफ्टवेअरमधून हे सारे सहज बाहेर काढता येते, ते निवडावे.

सॉफ्टवेअर पुढे बदलता येईल. वस्त्यावस्त्यांतून गायिली जाणारी गीते मात्र आजच जतन करावयास हवीत. नवे वाद्य हाती आले आहे, तर पहिले मुद्रण आपल्याच घरातील ज्येष्ठांच्या आवाजाचे करावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.