जुन्या रंगावर नवी चकाकी

चकाकणारा ऑइल पेंट काहीही झाकत नाही. मंद रंगाखाली खपून गेलेला पोपडा, ब्रशचा तुटका केस किंवा बुजवायचे राहून गेलेले खिळ्याचे भोक चकाकीत लांबूनही उठून दिसते. म्हणून दारे-खिडक्यांच्या कामातला बराचसा वेळ रंगाचा डबा उघडण्याआधी जायला हवा. दिवाळीच्या तोंडावर काढलेल्या कामांत नेमका तोच वाचवला जातो.

प्रथम जुना रंग लाकूड धरून आहे का ते पाहावे. ब्लेडने दोन-चार उभ्या-आडव्या रेघा ओढाव्यात, त्यांवर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर टवके आले तर तो भाग लाकडापर्यंत खरवडावा लागतो. काहीच आले नाही तर सगळा रंग उतरवण्याच्या फंदात पडू नये, कारण घट्ट बसलेला जुना थर हा उत्तम पाया असतो.

घरगुती रंगांत 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसे नसावे, हा नियम भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये, जाळू तर मुळीच नये. वॉटर पेपर भिजवून घासावे आणि सुटलेला चोथा सुकण्याआधीच ओल्या फडक्याने उचलावा. नाकातोंडावर साधा रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क लागतो. लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत फिरकू देऊ नये.

घासण्याआधी धुवायचे असते. हा क्रम उलटला की तेलकटपणा निघण्याऐवजी ओरखड्यांत चोळला जातो. स्वयंपाकघराच्या दारावर कडीच्या आसपास फोडणीचा आणि हातांचा पिवळट राप असतो. तो धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने काढावा. नंतर दोनदा साध्या पाण्याने पुसावे, कारण उरलेला सोडा नव्या रंगाला बाधतो. वाळल्यावर 180 ते 220 नंबरच्या पेपरने सगळी चकाकी मरेपर्यंत घासावे. गुळगुळीत थरावर नवा रंग पकड घेत नाही. खरवडलेल्या जागेची कड मात्र आधी जाड पेपरने उतरती करावी. डोळे मिटून त्यावरून बोट फिरवले आणि पायरी लागली, तर ती रंगानंतर दिसणारच.

भेगा बुजवताना सर्वाधिक घोटाळे होतात. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातल्या एका न्हाणीघराच्या चौकटीत भिंतीची उरलेली सिमेंटची पुट्टी भरली होती. पावसाळ्यात लाकूड फुगले, पुट्टी जागची हलली नाही. पुढे नख लावताच रंगासकट पापुद्रा सुटला आणि मागून पांढरी भुकटी सांडली. त्याच दाराची खालची कड कोरीच राहिली होती. पाणी तिथूनच वर चढत होते. लाकडाला खडूची पूड आणि अळशीचे तेल मळून केलेली लांबीच हवी, तीही उघड्या लाकडाला प्रायमर दिल्यानंतर. कोरे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि ती ठिसूळ होऊन गळते. वाळलेली लांबी घासून तेवढ्याच जागेवर पुन्हा प्रायमर फिरवावा, नाहीतर तिथला रंग निस्तेज पडतो. देवदार किंवा पाइनच्या गाठींतून राळ झिरपत असेल तर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन हात आधी द्यावेत.

पावसाळा संपल्यावर लाकूड सुकायला काही आठवडे द्यावेत. ओल कोंडली की उन्हात रंगाला फोड येतात. त्यामुळे बाहेरच्या दारांना थंडीतले कोरडे दिवसच बरे.

खोली आदल्या दिवशीच झाडून ठेवावी. शेवटी बॅटरीचा झोत तिरका टाकून लाकूड पाहावे, खोचा दिसतील तिथे पुन्हा लांबी लावावी आणि टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या फडक्याने धूळ टिपावी. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचे तेल सुकताना तापते आणि कोंडलेला बोळा आपोआप पेटू शकतो. ती बाहेर मोकळी पसरून वाळवावीत.