काळा पाषाण, पांढरी साडी आणि फ्लॅशचा प्रकाश

आंबेडकर जयंती, वर्षावासाची समाप्ती, स्नेहसंमेलन अशा प्रसंगांची छायाचित्रे आता बहुधा आपलेच माजी विद्यार्थी काढतात. आनंदनगर किंवा मोरिवली एमआयडीसीत नोकरी लागली की वर्ष-दोन वर्षांत कॅमेरा येतो आणि त्यावर बसणारा वेगळा फ्लॅशही येतो. कॅमेरा ते हळूहळू शिकतात. फ्लॅश मात्र नुसताच उडवला जातो. मग कपडे लख्ख आणि चेहरे काळवंडलेले, अशी चित्रे अल्बममध्ये चिकटतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हे खटकते, कारण आपल्या वस्त्यांतील पुष्कळ माणसांचा दुसरा कोणताच दस्तऐवज मागे उरत नाही.

या प्रकाशाचा इतिहासही वस्त्यांशीच जोडलेला आहे. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमयुक्त फ्लॅश-पूड तयार झाली. न्यूयॉर्कमधील वार्ताहर जेकब रीस याने ती लगेच हाती घेतली आणि गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांची चित्रे टिपून १८९० मध्ये पुस्तकरूपाने मांडली. बाबासाहेब १९१३ मध्ये त्याच शहरात शिकावयास पोहोचले, तेव्हा त्या पुस्तकाला २३ वर्षे झाली होती. रीसच्या चित्रांनी घरबांधणीच्या सुधारणेला बळ दिले, हे निर्विवाद. परंतु तो रात्री अचानक आत शिरून पूड पेटवीत असे. चित्रांतली कित्येक माणसे दचकलेली, अर्धवट झोपेतली दिसतात. त्यांना कोणी विचारले नव्हते. फ्लॅश हाती घेणाऱ्याने या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. फ्लॅशचा झोत क्षणार्धात संपतो, म्हणून त्याचे प्रमाण शटरवर अवलंबून नसते; ते छिद्र, आयएसओ आणि अंतर यांवर ठरते. शटर ठरवते ते भोवतालच्या दिव्यांचे, मेणबत्त्यांचे प्रमाण. १/६० ठेवले तर मागचा सभामंडप दिसतो, १/२०० ठेवले तर तो अंधारात जातो. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे साध्या फ्लॅशने चित्रावर काळी पट्टी येते. फ्लॅशवर मार्गदर्शक अंक दिलेला असतो. तो आयएसओ १०० ला ४० असेल, तर एफ/८ वर प्रकाश पाच मीटरपर्यंत आणि एफ/४ वर दहा मीटरपर्यंत पुरतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. वर्गाच्या गटचित्रात पुढची रांग दोन मीटरवर आणि मागची चारवर असेल, तर मागची मुले अंधारात जाणारच. चार मीटर मागे सरकावे. सहा आणि आठ मीटरच्या रांगांत मागच्यांना निम्म्याहून थोडा अधिक प्रकाश मिळतो.

दिशा शिकण्यासाठी आपल्या गावात उत्तम पाठशाळा आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. शिलाहारकालीन कारागिरांनी कोरलेल्या त्या काळ्या पाषाणावर उन्हाचा तिरपा कवडसा पडला की प्रत्येक मूर्तीची बोटे मोजता येतात. ऊन डोक्यावर आले की तीच भिंत सपाट भासते. सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा जाऊन नुसते पाहावे. समोरून मारलेला फ्लॅश माणसाच्या चेहऱ्याचे असेच सपाटीकरण करतो. म्हणून फ्लॅशचे डोके वळवावे आणि प्रकाश छतावर किंवा बाजूच्या भिंतीवर आपटून येऊ द्यावा. त्यात बराच प्रकाश खर्च होतो, तेव्हा छिद्र मोठे करावे अथवा आयएसओ वाढवावा. मात्र आपल्या सभागृहांच्या भिंती अनेकदा निळ्या असतात. त्यांवरून परतलेला प्रकाश चेहऱ्यांनाही निळसर करतो. एमआयडीसीतील पत्र्याच्या शेडचे छप्पर तर इतके उंच असते की प्रकाश परतच येत नाही. अशा ठिकाणी कोणाच्या तरी हाती थर्माकोलचा पांढरा तक्ता द्यावा आणि फ्लॅश त्यावर मारावा.

सर्वांत कठीण प्रसंग वंदनेचा. पन्नास उपासिका शुभ्र साड्यांत बसलेल्या असतात आणि फ्लॅश स्वयंचलित असतो. कॅमेऱ्याचे मापन समोरचे सारे दृश्य मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरते. इतके पांढरे दिसताच ते फ्लॅशची शक्ती कमी करते. साडी राखाडी होते आणि सावळा चेहरा काळोखात जातो. दोष त्वचेचा नसतो, मापनाचा असतो. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ नावाची नमुनाचित्रे वापरीत आणि त्यांत दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. आपण आपला नमुना आपल्या माणसांतून निवडावा. कार्यक्रमापूर्वी एखाद्या उपासिकेची परवानगी घेऊन चाचणीचे चित्र काढावे, फ्लॅशची भरपाई अधिक २/३ पासून वाढवत न्यावी आणि पडद्यावर चेहरा पाहावा. साडीच्या चुण्या पुसल्या जाऊ लागल्या की थांबावे. प्रकाश आपटून येत असेल तर चेहरा आणि साडी दोन्ही सांभाळता येतात. थेट झोतात क्वचितच.

बाबासाहेबांच्या तसबिरीची काच फ्लॅश जसाच्या तसा परत फेकते. समोर उभे न राहता एका बाजूने, तिरपे टिपावे. बुद्धमूर्ती चकचकीत असेल तर तिलाही हेच लागू. ध्यान चालू असताना, तसेच तान्ह्या बाळाच्या डोळ्यांसमोर फ्लॅश बंदच ठेवावा.

घरी आल्यावर त्याच रात्री सेल चार्जिंगला लावावेत आणि प्रत्येक चित्राला तारीख, ठिकाण व डावीकडून उजवीकडे माणसांची पूर्ण नावे द्यावीत. स्वयंपाकघरातल्या मावशींचे नावही लिहावे. जुन्या अल्बमांत नेमके तेच गाळलेले आढळते.